टॉर्च घेताना लुमेनच्या आकड्यापलीकडे काय बघायचं?

कुठलीही शॉपिंग साइट उघडा आणि टॉर्च शोधा. पहिल्याच पानावर तीन-चारशे रुपयांची एखादी टॉर्च "९०००० लुमेन" देते, "२ किलोमीटर" लांब प्रकाश फेकते आणि एकदा चार्ज केली की रात्रभर चालते. शेजारीच दोन-अडीच हजारांची टॉर्च असते, तिच्यावर मात्र फक्त १००० लुमेन लिहिलेलं असतं. साहजिकच बहुतेक लोक पहिली घेतात. हा लेख वाचल्यावर कुठल्याही टॉर्चच्या खोक्यावरचे आकडे खरे असू शकतात की नाही, हे तुम्हाला मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर ताडून बघता यावं, एवढीच अपेक्षा आहे.

आधी एक शब्दांचा खुलासा. आमच्या गावाकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. "लाईट गेली, बॅटरी आण" असं. त्यामुळे गोंधळ नको म्हणून इथे हातातल्या वस्तूला टॉर्च आणि तिच्या आतल्या वस्तूला सेल म्हणतोय.

लुमेनचा हिशोब

लुमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. अंदाज यावा म्हणून घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब घ्या. त्याच्या खोक्यावर साधारण ८०० ते ९०० लुमेन लिहिलेले असतात. म्हणजे एका वॉटला सुमारे १०० लुमेन. चांगल्या टॉर्चचा एलईडीही ढोबळमानाने याच पट्ट्यात असतो, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. मोबाइलचा फ्लॅश साधारण ५० लुमेनच्या आसपास असतो. जुन्या काळची दोन जाड्या सेलची, पिवळ्या बल्बची टॉर्च त्याहूनही कमी द्यायची, आणि तरी त्या प्रकाशात लोकांनी आयुष्यभर शेतं राखली.

आता तो ९०००० चा दावा. १०० ने भागलं की ९०० वॉट आले, म्हणजे घरातले शंभर बल्ब एका मुठीत. मिक्सरला लागते त्याहून जास्त वीज, आणि तीही बोटाएवढ्या सेलमधून! दावा थोडा फुगवलेला आहे असं म्हणायलाही जागा नाही, तो सरळ खोटा आहे. अशा टॉर्चमधून प्रत्यक्षात काहीशे लुमेन निघाले तरी नशीब समजायचं.

हाच हिशोब उलटा केला की टॉर्च किती वेळ चालेल तेही कळतं. टॉर्चमध्ये सर्रास वापरला जाणारा लिथियम-आयन सेल म्हणजे १८६५०. (हा मॉडेल नंबर नाही, माप आहे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचा शून्य म्हणजे गोल नळीसारखा आकार.) त्याचं सरासरी व्होल्टेज ३.६ आणि चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएच, म्हणजे ३.५ अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार १२.६ वॉट-तास. १००० लुमेनला १० वॉट लागतात, म्हणजे सव्वा तास. सर्किट, काच आणि रिफ्लेक्टरमध्ये काही वाया जातं ते धरून तासभर म्हणा. २०० लुमेनला २ वॉट, म्हणजे पाच-सहा तास. यापेक्षा फार मोठा आकडा कुणी एका १८६५० सेलवर सांगत असेल तर तो ऊर्जेच्या नियमात बसत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या डोळ्यांना प्रकाश सरळ पटीत जाणवत नाही. ५०० चे १००० लुमेन केले तर दुप्पट उजेड दिसत नाही, "जरा जास्त" एवढंच वाटतं. डोळ्याला दुप्पट वाटायला ढोबळमानाने चौपट प्रकाश लागतो. म्हणून ९०० आणि ११०० लुमेनच्या दोन टॉर्चमध्ये अडकून बसू नका. तो फरक फक्त खोक्यावर दिसेल.

प्रकाश किती आणि लांब किती, हे दोन वेगळे प्रश्न

लुमेन एकूण प्रकाश सांगतो. तो प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे, ते कँडेला सांगतो. बादलीभर पाणी अंगणात ओतलं किंवा पाइपच्या तोंडावर बोट दाबून लांब उडवलं, पाणी तेवढंच. टॉर्चचंही तसंच आहे. १०० लुमेनची अरुंद झोताची टॉर्च १००० लुमेनच्या पसरट टॉर्चपेक्षा लांबचं दाखवू शकते.

टॉर्चचे आकडे कसे मोजायचे याचं एक अमेरिकन मानक आहे, एएनएसआय एफएल-१. ते २००९ मध्ये आलं आणि आता जगभरच्या बऱ्या कंपन्या तेच वापरतात. त्यात रेंजची व्याख्या अशी आहे: ज्या अंतरावर प्रकाश ०.२५ लक्सपर्यंत उतरतो, ते अंतर. ०.२५ लक्स म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेचं चांदणं. सूत्र सोपं आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दोनने गुणा. १०००० कँडेला असतील तर वर्गमूळ १००, रेंज २०० मीटर. ४०००० कँडेलाला ४०० मीटर. म्हणजे रेंज दुप्पट करायला कँडेला चौपट लागतात. खोक्यावर दोन्ही आकडे असतील तर लगेच ताडून बघा. जुळले नाहीत तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नका.

पण चांदण्याएवढ्या प्रकाशात २०० मीटरवर "काहीतरी आहे" एवढंच कळतं. ते कुत्रं आहे की बिबट्या, हे ओळखायला किमान चौपट प्रकाश हवा, आणि तो मिळतो निम्म्या अंतरावर. म्हणून मी खोक्यावरच्या रेंजला सरळ दोनने भागतो आणि तोच आकडा खरा धरतो.

पुढची काच मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करणाऱ्या झूमवाल्या टॉर्च आपल्याकडे फार खपतात. झूम केल्यावर समोर जो पिवळसर-पांढरा चौकोन पडतो, ती एलईडीच्या चिपचीच मोठी केलेली प्रतिमा असते. लांबचं दिसतं हे खरं, पण त्या स्थितीत काच एलईडीपासून दूर गेलेली असते आणि बाजूला जाणारा बराच प्रकाश आतच वाया जातो. शिवाय चौकोनाच्या बाहेर ठार अंधार. सरकत्या भागातून पाणी शिरतं ते वेगळंच. साध्या रिफ्लेक्टरच्या टॉर्चमध्ये मधे प्रखर ठिपका आणि भोवती मंद कडं मिळतं. चालताना त्या कड्याचाच जास्त उपयोग होतो.

रनटाइमच्या आकड्यातली मेख

वरच्याच मानकात रनटाइम म्हणजे टॉर्च सुरू केल्यानंतर ३० सेकंदांनी जेवढा प्रकाश होता, त्याच्या १० टक्क्यांपर्यंत तो उतरायला लागलेला वेळ. ही व्याख्या नीट वाचा. खोक्यावर "३००० लुमेन, २ तास" लिहिलेलं असेल तर ३००० लुमेन दोन तास मिळणार, असा त्याचा अर्थ नाही. ३००० लुमेन म्हणजे ३० वॉट, आणि त्यातली बरीच उष्णता होऊन मुठीएवढ्या अ‍ॅल्युमिनियममध्ये साठते. दोन-तीन मिनिटांत टॉर्च हातात धरवत नाही, म्हणून आतलं सर्किट आपोआप प्रकाश ८००-१००० वर आणतं. उरलेला वेळ तुम्ही त्यावरच काढता. खोक्यावरचा दावा मानकाप्रमाणे बरोबर असतो, फक्त आपण समजतो तसा तो नसतो. चांगल्या कंपन्या वेळेनुसार प्रकाश कसा उतरतो याचा आलेख देतात. आलेख असेल तर आधी तो बघा, आणि मधल्या मोडचे आकडे बघा. टर्बो मोड दुकानात दाखवायला असतो, मीडियम मोड वापरायला.

रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसासाठी

टॉर्च निवडून द्यायला मला सगळ्यात जास्त वेळा ज्यांनी सांगितलं, ते ट्रेकर नव्हेत. रात्रीची थ्री-फेज लाईट असली की मोटर चालू करून उसाला पाणी द्यायला जाणारे आमचे काका आणि त्यांच्यासारखे गावातले लोक. शहरातल्या माणसाला टॉर्च ही लाईट गेल्यावरची सोय वाटते. इथे ती जिवाशी गाठ असते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८००० मृत्यू झाले असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले बहुतेक ग्रामीण भागातले, आणि निम्मे पावसाळ्यातले. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते.

या कामाला १००० लुमेन लागतच नाहीत. पायापुढचे पाच-दहा मीटर स्वच्छ दिसायला १५०-२०० लुमेनचा पसरट प्रकाश भरपूर होतो, आणि वरच्या हिशोबाप्रमाणे तो एका सेलवर पाच-सहा तास, म्हणजे बहुतेक पाळी भागेल एवढा मिळतो. अधूनमधून बांधाच्या कडेला काय हललं ते बघायला ८००-१००० लुमेनचा एक वरचा मोड असला की झालं. उसात बिबट्या असेल तर दोन किलोमीटर रेंजच्या टॉर्चचाही उपयोग नाही. पानांची भिंत प्रकाश अडवते आणि उलट आपल्याच डोळ्यांवर फेकते.

हेडलॅम्प की हातातली टॉर्च? दोन्ही हातांत फावडं असतं, त्यामुळे हेडलॅम्प सोयीचा वाटतो. पण त्याची एक मोठी अडचण आहे, ती कुणी सांगत नाही. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असला की वस्तूची सावली बरोबर वस्तूच्या मागे लपते, आपल्याला ती दिसतच नाही. जमीन सपाट चित्रासारखी दिसते. ढेकूळ, खड्डा, वेटोळं सगळं एकसारखं. तोच दिवा कमरेच्या उंचीवर आणला की प्रकाश तिरपा पडतो, प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि साप उठून दिसतो. म्हणून माझा सल्ला असा की हेडलॅम्प घ्या, पण पट्टा सैल करून कमरेला किंवा छातीवर बांधा. पावसाळ्यात किडे तोंडावर येत नाहीत हा वरचा फायदा, आणि बोलताना समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत.

दुसरं, रंग. घोणस वाळक्या पाचटावर पडली असेल तर तपकिरीवर तपकिरी. स्वस्त एलईडीचा निळसर पांढरा प्रकाश (६५०० केल्विन) डोळ्याला प्रखर वाटतो, पण त्यात लाल-तपकिरी छटा मरतात. यासाठी सीआरआय नावाचा आकडा बघायचा, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं माप. सूर्यप्रकाशाला १००, साध्या टॉर्चच्या एलईडीला ७०च्या आसपास, चांगल्याला ९०च्या वर. ४००० ते ५००० केल्विन आणि ९० सीआरआयची टॉर्च थोडे लुमेन कमी देते, पण माती, पाचट आणि साप वेगवेगळे दिसतात. वायरमनलाही हेच सांगेन. लाल आणि तपकिरी वायर एकसारखी दिसणारी टॉर्च त्याच्या कामाची नाही. दुर्दैवाने बहुतेक स्वस्त टॉर्चवर हा आकडा लिहिलेलाच नसतो. दुकानात स्वतःच्या तळहातावर प्रकाश टाकून बघा. तळहात मेलेल्या माणसासारखा राखाडी दिसला तर ती टॉर्च ठेवून द्या.

सेल: सगळ्यात जास्त फसवणूक इथेच

बाजारात ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेल मिळतात. या मापाच्या सेलची क्षमता सहसा ३५००-३६०० एमएएचच्या फार पुढे जात नाही. एलजीचा एमजे१ किंवा सॅमसंगचा ३५ई हे नामांकित सेल ३५०० चेच आहेत. घरी करता येणारी परीक्षा म्हणजे वजन. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. सोनाराच्या काट्यावर किंवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ३० ग्रॅम भरला तर आत माल कमी आहे. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून नवं वेष्टन चढवलेले सेलही विकले जातात, त्यांना वजनाची परीक्षा लागू पडत नाही. म्हणून लिथियम सेल ओळखीच्या दुकानातून, बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघूनच घ्या. वेष्टन फाटलेला, चेपलेला किंवा फुगलेला सेल वापरू नका. खिशात किल्ल्यांबरोबर सुटा सेल तर अजिबात नको. शॉर्ट झाला की मांडी भाजते.

जास्त वेळ हवा असेल तर २१७०० मापाचा सेल असलेली टॉर्च बघा. जाडी थोडी वाढते, पण क्षमता ५००० एमएएचच्या घरात जाते.

सेल बाहेर काढता येणारी आणि अंगावरच टाइप-सी चार्जिंग असलेली टॉर्च मला सगळ्यात सोयीची वाटते. पॉवर बँकवर चार्ज होते, आणि तीन वर्षांनी सेल थकला की फक्त सेल बदलायचा. सेल आत बंद केलेली टॉर्च सेलबरोबरच कचऱ्यात जाते.

टाइप-सीवरून आठवलं. बऱ्याच स्वस्त टॉर्च मोबाइलच्या नव्या, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने चार्जच होत नाहीत. लोक खराब म्हणून परत पाठवतात. कारण एवढंच की टाइप-सीच्या नियमाप्रमाणे उपकरणात दोन छोटे ५.१ किलोओहमचे रेझिस्टर लागतात, ते दिसल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही. कंपनीने ते दोन रेझिस्टर वाचवलेले असतात. जुन्या चौकोनी यूएसबीची केबल लावा, चार्ज होईल. पण जिथे हेही वाचवलं, तिथे आणखी काय काय वाचवलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पेन्सिल सेलच्या (एए) टॉर्च मागासलेल्या समजू नका. गावातल्या किराणा दुकानात १८६५० मिळत नाही, पेन्सिल सेल मिळतो. १००-१५० लुमेनवर समाधान असेल आणि टॉर्च महिनोन्महिने पडून राहणार असेल तर ती ठीकच. फक्त साधे झिंक-कार्बन सेल टॉर्चमध्ये घालून विसरू नका. ते गळतात आणि स्प्रिंग हिरवी-पांढरी होऊन टॉर्च वाया जाते. अल्कलाइनही गळतात, जरा उशिरा. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल या बाबतीत बरे.

राहिली ती मागे दोन पिना असलेली, थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायची प्लास्टिकची टॉर्च. अशा स्वस्त टॉर्चमध्ये बहुतेक वेळा छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते. ती पूर्ण उतरवून कपाटात ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट जमतं आणि पुढच्या वेळी ती चार्ज घेत नाही. "चार महिन्यांत बिघडली" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच. वापरत नसाल तरी दोन महिन्यांतून एकदा चार्ज करा. यातल्या बऱ्याच टॉर्चचं चार्जिंग सर्किट घरच्या विजेपासून वेगळं केलेलं नसतं, म्हणून चार्ज होताना ती उघडू नका, फुटलेली वापरू नका आणि ओल्या हाताने धरू नका.

बटण

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, त्यामुळे टॉर्चमध्येही सॉफ्टवेअर असतं हे कळलं तेव्हा मला भारी वाटलं होतं. अँड्युरिल नावाचं मुक्त स्रोत फर्मवेअर बऱ्याच हौशी टॉर्चमध्ये येतं. काही किलोबाइट मेमरीच्या इवल्याशा चिपवर चालतं आणि एका बटणाच्या क्लिक मोजून डझनभर गोष्टी करतं. माझ्या टेबलावर अशी टॉर्च आहे. काकांना मात्र मी ती देणार नाही. अंधारात, ओल्या हाताने, घाबरलेल्या माणसाला तीन क्लिक आणि एक लाँग-प्रेस जमत नाही.

उलट्या बाजूला स्वस्त टॉर्चचं एकच चक्र असतं: हाय, लो, मग लखलखणारा स्ट्रोब, मग एसओएस. बंद करायला दर वेळी स्ट्रोबमधून जावं लागतं. घेण्याआधी व्हिडिओत हे बघून घ्या. वयस्कर माणसासाठी मागचं खटकन लागणारं बटण, दोन-तीन मोड आणि शेवटचा मोड लक्षात ठेवणारी टॉर्च सगळ्यात चांगली.

पाणी, धुकं आणि बाकीचं

आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे चालतील. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आयपीएक्स८ त्याहून खोल, किती ते कंपनी सांगते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्याने ७ च्या खाली जाऊ नये. चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट बसलेलं नसेल तर हे सगळे आकडे व्यर्थ.

सह्याद्रीत पावसाळी रात्री ट्रेक करणाऱ्यांना धुक्यात प्रखर हेडलॅम्प लावून समोर पांढरा पडदा दिसल्याचा अनुभव असेल. थेंबांवरून परत येणारा प्रकाश थेट डोळ्यात जातो. इथेही उपाय तोच: दिवा खाली, कमरेजवळ, आणि प्रकाश कमी. पिवळा प्रकाश धुकं कापतो असं म्हणतात, पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. फरक पडतो तो दिवा कुठे आहे याने.

काजवे बघायला राजमाचीला किंवा भंडारदऱ्याला जाणार असाल तर एक लुमेनच्या आसपासचा अगदी मंद मोड किंवा लाल दिवा असलेला हेडलॅम्प घ्या. पांढऱ्या झोताने काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे बुडतात, आणि आपल्या डोळ्यांना अंधाराची पुन्हा सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात.

घरात लाईट गेल्यावर टॉर्च छताकडे तोंड करून उभी ठेवा, पांढरं छत सगळ्या खोलीभर प्रकाश पसरवतं. त्यासाठी मागचा भाग सपाट असलेली, टेबलावर उभी राहणारी टॉर्च घ्यायची.

आणि टॉर्च बरेच दिवस ठेवून द्यायची असेल तर लिथियम सेल पूर्ण भरून ठेवू नका, निम्मा ते पाऊण चार्ज पुरे. इलेक्ट्रॉनिक बटणाच्या टॉर्च बंद असतानाही किंचित वीज खातात, आणि बॅगेत दाबल्या जाऊन आपोआप सुरूही होतात. बहुतेक धातूच्या टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव वळसा सैल केलं की सर्किट तुटतं आणि दोन्ही प्रश्न मिटतात. तुमच्या टॉर्चमध्ये तसं होतं का, ते झाकण सैल करून बटण दाबून आत्ताच बघून घ्या.